खिडकीबाहेर ओतलेलं पाणी

गेल्या महिन्यात रोहण्याहून एक बाई माझ्याकडे आल्या. त्यांच्या नवऱ्याला लघवीची नळी घालून दवाखान्यातून घरी पाठवलं होतं. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की आंजीच्या मास्तरीणबाईंना सात वर्षांपासून तसलीच नळी आहे, त्यांना विचारा. बाई ओसरीवर बसल्या. चहाला नाही म्हणाल्या, पाण्यालाही नाही म्हणाल्या. मग हळूच विचारलं, नवऱ्याला पाणी कमी दिलं तर चालेल का? म्हणजे बाटली लवकर भरणार नाही आणि घरात येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर सारखी उचलावी लागणार नाही.

मी त्यांना फाडफाड बोलले. नंतर वाईट वाटलं असं लिहिलं तर ते खोटं होईल. सात वर्षांपूर्वी मला कुणी तसं बोललं असतं तर माझी दोन दुखणी वाचली असती. जाताना त्या म्हणाल्या, हे कागदावर लिहून द्या, घरची माणसं माझं ऐकत नाहीत, कागदाचं ऐकतील. एक कागद द्यायचा ठरला होता. बसले तेव्हा एका कागदात मावेना.

आधीच सांगते, यात देवाची परीक्षा वगैरे काही नाही. नळी रबराची आहे. ती माझी वैरीण आहे आणि तिच्यासोबत मला नांदायचं आहे, एवढीच गोष्ट आहे.

गाडीवरून

मी आंजीच्या जिल्हा परिषद शाळेत चौथीला शिकवते. गाडीवरून पडले त्या वर्षी मी बेचाळीस वर्षांची होते. कापूस घरात आला होता, रविवार होता, आणि सोमवारी गाडी सेलूच्या बाजारात जायची होती. गाडीला उंच बाजू बांधून कापूस भरतात आणि कुणीतरी वर चढून पायांनी तुडवतं, म्हणजे जास्त मावतो. माणूस कमी होतं म्हणून मी चढले. बैल आधीच जुंपून ठेवले होते. ही चूक होती, पण आमच्याकडची नेहमीची चूक. कुत्रं अंगावर आलं, बैल दोन पावलं सरकले आणि मी मागच्या मागे खाली आले. खाली जनावरांना पाणी पाजायचं दगडी टाकं होतं. त्याच्या काठावर पाठ आपटली.

दुखलं नाही. कमरेखाली काहीच दुखलं नाही, हे लक्षात यायला मला थोडा वेळ लागला.

वर्ध्याकडच्या मोठ्या दवाखान्यात तिसऱ्या दिवशी डॉक्टर आले आणि माझ्या पायाशी उभे राहून माझ्या नवऱ्याशी बोलू लागले. पायांत जोर किती परत येईल ते आज सांगता येत नाही, लघवीची जाणीव गेली आहे, नळी ठेवावी लागेल. आमचे हे प्रत्येक वाक्याला "हो साहेब" म्हणत होते. ते शेतकरी माणूस, डॉक्टर आणि तलाठी दोघांनाही सारखेच घाबरतात.

मी म्हटलं, "डॉक्टरसाहेब, नळी मला घालणार आहात. तर मला सांगा."

खाटच बोलली असावी, तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग सांगितलं. मी विचारलं, किती दिवस? ते म्हणाले, "पाहू." हा शब्द मी स्वतः शाळेत पालकांशी बोलताना वापरते. त्याचा अर्थ मला माहीत होता.

आठवडाभरानं पायांत थोडी जान येऊ लागली. लघवीची जाणीव आली नाही.

वॉर्डात

वॉर्डात सकाळ साडेपाचला व्हायची, ती बादल्यांच्या आवाजानं. मग अंग पुसणं, कूस बदलणं, गोळ्या, डॉक्टरांचा फेरा, आणि मग सारी दुपार छताकडे पाहणं. शेजारच्या खाटेवरची बाई दिवसभर कण्हायची आणि भेटायला कुणी आलं की ठणठणीत व्हायची. मला तिचा राग यायचा. मला तेव्हा सगळ्यांचाच राग यायचा. भेटायला येणाऱ्यांचा सर्वांत जास्त. ते टोस्ट आणि बिस्किटं आणत, माझ्या पायांकडे पाहत, आणि पदराआड म्हणत, "चांगली चालतीबोलती होती व." जणू मी गेलेच होते.

अन्नम्मा सिस्टर मात्र बरी होती. ती केरळची होती. मराठी नाही, हिंदी तोडकी, आणि बोलण्याची हौस मुळीच नाही. नळी धरून ती म्हणाली, "पानी पीने का. सुबे से रात तक. थोडा थोडा, बारबार. समझी?"

मी मान हलवली. शाळेत तपासणीला साहेब येतात तेव्हा हलवते तशी. समजलं काहीच नव्हतं. का प्यायचं ते तिनं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. चाळीस पोरांना रोज "का ते विचारा" म्हणणारी बाई मी.

सरबत

घरी आणलं ते फेब्रुवारी संपताना. माझी एकच मुलगी, ती हिंगणघाटला दिलेली, तिचं पहिलं बाळंतपण जवळ आलेलं. ती येऊ शकत नव्हती. सासू नाही. राहिली माझी मोठी जाऊ, कौसल्याबाई.

आमचं एकमेकींशी आठ वर्षं बोलणं नव्हतं. एकाच घरात दोन चुली, मधे मातीची अर्धी भिंत. कारण एवढंच की मी शाळेत जायची आणि मागे राहिलेलं घर तिच्या अंगावर पडायचं. एकदा चार बायकांत ती म्हणाली, हिच्या हाताले खडू समजते, शेन समजत नाई. त्यावर मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. दुसऱ्या दिवशी चूल वेगळी झाली.

आता तीच सकाळी येऊन उभी राहिली. मला काही न विचारता तिनं चादर काढली, मला कुशीवर केलं, पाठ पुसली. हात जड, पण सराईत. गाईला धुवावं तसं धुतलं. बोलली नाही. जाताना बाटली उचलली.

बाटली म्हणजे सलाईनची रिकामी काचेची बाटली. गळ्याला सुतळी बांधून खाटेच्या पायाला टांगलेली, नळीचं टोक तिच्यात सोडलेलं. उकिरडा घरासमोर. तिथे जायचं तर ओसरीतून जावं लागायचं, आणि ओसरीत माझे जेठ, म्हणजे तिचे मालक, त्यांचे दोन सोबती आणि पानाचा डबा. कौसल्याबाई बाटली उंच धरून त्यांच्यामधून जायची आणि म्हणायची, "सरका बाप्पा. मास्तरीनबाईचं सरबत चाललं."

मला आतल्या खोलीत हसणं ऐकू यायचं.

पहिल्या दिवशी हे तीनदा ऐकलं. दुसऱ्या दिवशी मी ठरवलं, दिवसाला एकदाच. एक बाटली. बस. पाणी कमी प्यायलं की बाटली कमी भरते, याला शिक्षण लागत नाही.

मला ते जडही गेलं नाही. आमच्याकडे बाया पहाटे अंधारात बाहेर जातात आणि मग संध्याकाळी अंधार पडल्यावर. मधे जायचं नसतं, म्हणून मधे प्यायचं नसतं. मुलगी दहा-अकराची झाली की हे तिला कुणी शिकवत नाही, ती आपोआप शिकते. शाळेतही साडेदहा ते पाच बायकांसाठी आडोसा नव्हता. मी वीस वर्षं दिवसभर तांब्याला हात न लावता शिकवलं. याचा मला अभिमान होता. पुरुष शिक्षक तासातासाला बाहेर जात, मी जागची हलत नसे.

अंगात नळी घातली तरी सवय जुनीच राहिली. आणि नळीला सवय माहीत नसते.

कौसल्याबाई सकाळी तांब्याची कळशी भरून खिडकीशी ठेवायची, वर पेला. संध्याकाळी ती कळशी रिकामी दिसायला हवी होती. माझ्या खाटेला लागून खिडकी, खिडकीखाली काटेरी कुंपण, कुंपणावर मागच्या साली पडलेल्या बियांतून आपसूक उगवलेला दोडक्याचा वेल. मी पेला भरायची आणि हात बाहेर काढून ओतायची.

बुजली

मार्चच्या मध्यात एके सकाळी बाटली कोरडी होती. मला आनंद झाला. खरं सांगते, आनंद झाला. आज सरबत नाही.

दुपारी पोट दगडासारखं झालं. खाली जाणीव पूर्ण नव्हती, पण काहीतरी भयंकर चाललं आहे हे अंगाला कळत होतं. घाम फुटला, मग हुडहुडी भरली. नळीच्या बाजूनं लघवी झिरपून चादर भिजली आणि बाटली मात्र कोरडीच. ह्यांनी गावातल्या दुकानदाराची जीप आणली. आंजी ते वर्धा हा रस्ता मी शेकडो वेळा गेले असेन. त्या दिवशी त्यातला प्रत्येक खड्डा वेगळा ओळखला.

अन्नम्मा सिस्टरनं नळी काढली, दुसरी घातली. लघवी ट्रेमध्ये पडण्याचा आवाज आला. त्या सुखाबद्दल लिहायला मला लाज वाटत नाही. मुलगी झाली तेव्हाही एवढं हलकं वाटलं नव्हतं.

मग तिनं ब्लेडनं जुनी नळी उभी चिरली आणि माझ्या डोळ्यांसमोर धरली. आत पांढरी, खरखरीत कणी चिकटली होती, बंबाच्या तळाशी बसते तशी. मधे सुईही जाणार नाही एवढी वाट.

"क्या खाती?" तिनं विचारलं.

सोबत आलेल्या कौसल्याबाईनं सगळं सांगितलं. सकाळ-संध्याकाळ दूध. पाठीचं हाड जुळावं म्हणून गव्हाच्या दाण्याएवढा चुना दह्यातून, रोज. नळीपाशी आग होते म्हणून गावातल्या कंपाउंडरनं सांगितलेला खाण्याचा सोडा, पाण्यातून, तोही रोज. आणि लोकांनी आणलेले टोस्ट. सिस्टरनं कपाळाला हात लावला. चुना बंद, सोडा बंद. "और पानी?"

"पीती हूँ," मी म्हटलं. "बहुत."

आणि तेवढ्यावर थांबले नाही. सगळा वॉर्ड ऐकेल अशा आवाजात मराठीत म्हटलं की पाणी मी पिते, पण बाटली कुणी नीट धूत नाही आणि नळी कुणी मुद्दाम हिसडते. कुणी, ते सांगावं लागलं नाही. तिथे दुसरं कुणी नव्हतंच.

कौसल्याबाईनं माझ्याकडे पाहिलं. भिजलेली चादर गोळा केली आणि नळावर धुवायला गेली.

संध्याकाळी डॉक्टर आले. या वेळी ते माझ्याशी बोलले. लघवी अशी तुंबली की मागे मूत्रपिंडांवर दाब येतो, जंतू वर चढतात. "आणखी दोन-तीन वेळा असं झालं तर मूत्रपिंडं जातील, बाई. पाठीचं आम्ही पाहू. मूत्रपिंडांवर आमच्याकडे इलाज नाही."

तरीही घरी गेल्यावर मी पाणी खिडकीबाहेरच ओतलं. चुना सोडला, सोडा सोडला, आणि मनाशी म्हटलं की दोष त्यांचाच होता. शिकलेल्या माणसाला स्वतःला फसवायला कारणं जास्त सापडतात.

वेल

मे महिन्यात पुन्हा बुजली. या वेळी थंडी वाजून ताप आला आणि चार दिवस मी काय बडबडले ते मला माहीत नाही. हे म्हणतात की मी पाढे म्हणत होते आणि चुकत होते. पंधरा दिवस दवाखान्यात होते. डाव्या मूत्रपिंडाला सूज आली होती. डॉक्टरांनी ह्यांना बाजूला बोलावलं. परत आले आणि चादरीची एकच घडी पुन्हा पुन्हा घालत बसले.

घरी आणलं त्या दुपारी खोलीत कौसल्याबाई उभी होती. मला खाटेवर ठेवून हे बाहेर गेले. तिनं दाराआडून एक वाळलेला, पिवळा पडलेला वेल ओढत आणला आणि माझ्या मांडीवर टाकला. त्याला एक सुकलेलं दोडकं लटकत होतं.

आठ वर्षांनी ती माझ्याशी सरळ बोलली.

"हे काय हाय?"

"वेल."

"भर उन्हाळ्यात हिरवागार होता. मले वाटे, कोन पानी घालून राह्यलं याले? मी तं थेंब घातला नाई. तू गेली अन् पंधरा दिवसात वाळला."

मी ते सुकलेलं दोडकं हातात फिरवत राहिले. उत्तर न आलेली पोरं माझ्यासमोर अशीच पेन्सिल फिरवतात.

"वॉर्डात बिनकामाची मले चोर केली. धूत नाई म्हने, हिसडते म्हने. अन् पानी कोन पेलं? दोडकं पेलं."

मी म्हटलं, "तुम्ही ओसरीत सरबत म्हणून ओरडता. म्हणून नाही पीत मी."

तिनं वेल माझ्या मांडीवरून उचलून कोपऱ्यात टाकला. मग म्हणाली, "मंग मले सांगायचं तोंडानं. वेलाले काऊन सांगितलं?"

 

तिनं कळशीतून पेला भरला आणि खिडकीच्या दगडावर ठण् करून आपटला. "तुले वाटत असन, मी तुह्यासाठी बाटली उचलून राह्यली. नाई. तू मेली तं लोकं म्हनतीन, जावेनं पान्यावाचून मारली. मले ते नाव नोको. पे."

तिच्यासमोर मी तो पेला संपवला. तिनं दुसरा भरला.

त्यानंतर

त्या दिवसापासून दिवसभर तासातासाला पेला खिडकीच्या दगडावर आपटायचा. ती शेतात गेली की शेजारीण आपटायची, आणि ती माझ्या जावेपेक्षाही वाईट होती, कारण ती गप्पाही मारायची. मी पेल्यागणिक भिंतीवर खडूनं रेघ ओढायची. खडू मला समजतो हे कौसल्याबाईनं आधीच सांगून ठेवलं होतं.

बाटली आता मागच्या दारानं जाऊ लागली, झाकणाच्या बादलीतून. सरबत हा शब्द ओसरीत बंद झाला. माझ्यासमोर चालूच राहिला. "आज तुहं सरबत पातळ हाय," असं ती म्हणाली की समजायचं, बरं चाललं आहे. लघवीचा रंग वाळल्या गवताच्या काडीसारखा फिका दिसला पाहिजे. चहासारखा झाला की पाणी कमी पडलं. एवढं पाहायला दवाखाना लागत नाही.

रोहण्याच्या बाईंसाठी पुढचं नीट लिहिते. पाणी एकदम तांब्याभर पाजू नका, दिवसभर थोडंथोडं द्या, झोपताना एक पेला द्या आणि रात्री कूस बदलायला उठाल तेव्हा एक. नळी दिवस-रात्र चालू असते, तिला सुट्टी नसते. नुसतं पाणी नको झालं की लिंबू पिळा, साखर बेताची. मोसमात संत्री द्या, आपल्या जिल्ह्यात काही दुर्मीळ नाहीत. पातळ ताक चालतं. सिस्टर आंबट फळांवर भर देत असे, आणि मला त्याचा गुण आला. चुना कुणी कितीही प्रेमानं आणला तरी परत पाठवा. सोडा डॉक्टरनं सांगितल्याशिवाय नको. टोस्ट-बिस्किटं येणाऱ्यांनाच चहाबरोबर खायला द्या. पेशंटला ज्वारीची भाकर, पालेभाजी, वरण द्या, कारण पोट साफ नसलं की आतून नळीवर दाब पडतो आणि कणी नसतानाही ती अडते. हे मला तिसऱ्यांदा दवाखान्याची तयारी केल्यावर कळलं. सिस्टरनं नळीला हातही न लावता एनिमा दिला आणि बाटली वाहू लागली. बाटली नेहमी खाटेच्या खाली. नळी मांडीखाली दबलेली नको. बुजली तर घरी काडी घालू नका, नळी ओढू नका, संध्याकाळपर्यंत वाट पाहू नका, सरळ न्या. आणि ज्याला हृदयाचं किंवा मूत्रपिंडाचं दुखणं म्हणून पाणी मोजून सांगितलं असेल, त्यानं माझं ऐकू नये, आपल्या डॉक्टरला विचारावं.

पाणी प्यायलं की नळी कधीच बुजत नाही असं मी म्हणत नाही. सात वर्षांत त्यानंतरही दोनदा बुजली. पण त्या उन्हाळ्यात, पाणी प्यायला लागण्याआधी, ती महिना-दीड महिन्यात बुजत होती आणि मी मरायच्या वाटेवर होते.

पावसाळ्यात नळी बदलायला गेलो तेव्हा अन्नम्मा सिस्टरनं काढलेली नळी पुन्हा चिरली. आतून मऊ, स्वच्छ, टोकाशी किंचित पांढरी कड. तिनं ती उजेडात धरून पाहिली. "अब सच बोलो. पानी पीती?"

मी तोंड उघडायच्या आत कौसल्याबाई म्हणाली, "पीती नै, सिस्टर. पिलाना पडता."

अन्नम्मा सिस्टरला हसताना मी तेवढं एकदाच पाहिलं. डॉक्टरांनी सांगितलं, डाव्या बाजूची सूज उतरली.

शाळेत

दुसऱ्या वर्षी जूनमध्ये मी कुबड्यांवर शाळेत हजर झाले. आता बाटलीच्या जागी प्लास्टिकची पिशवी होती, लुगड्याच्या आत पायाला बांधलेली. हेडमास्तरांनी मला खुर्ची दिली आणि बराच वेळ टेबलावरच्या शाईच्या बाटलीशी चाळा करत म्हणाले की मुलांना कदाचित वास येईल, पालक बोलतील, तुम्ही कार्यालयातलं काम घेतलं तर बरं.

मी म्हटलं, "सर, मी तुमच्यापासून दोन हातांवर बसले आहे. येतो का वास?"

ते म्हणाले, नाही, तसं नाही.

"मग पालक बोलले की त्यांना माझ्याकडे पाठवा." मी चौथीच्या वर्गात गेले. पालक कुणी आले नाहीत.

वर्गात मी टेबलावर पाण्याची बाटली ठेवून पोरांसमोर प्यायचे. मुलं तहान लागली की हातपंपावर पळत. मुली पळत नसत. ओठ कोरडे, दुपारनंतर डोकं दुखतं म्हणून बाकावर मान टाकलेली. मी एका मुलीला रागावले, पाणी का पीत नाहीस? ती म्हणाली, "बाई, मंग जाऊ कुठी?"  नुसतं प्या म्हणणं सोपं आहे. आडोशासाठी मी तीन वर्षं अर्ज केले, मग अर्ज सोडून दिले आणि पालकांकडून बांबूचे तट्टे मागून आणले. ह्यांनी दोन खड्डे खणले. उद्घाटनाला हेडमास्तर हजर होते.

पेला

माझं आणि कौसल्याबाईचं अजूनही पटत नाही. चुली दोन आहेत, मधली भिंत आहे. माझी पिशवी आता मीच रिकामी करते, मागे मोरी बांधून घेतली आहे. खिडकीखालचा वेल पुढच्या पावसाळ्यात पुन्हा उगवला. त्याला आता कुणी पाणी घालत नाही. उन्हाळ्यात तो वाळतो आणि मला ते पाहून बरं वाटतं.

रोहण्याच्या बाई गेल्या त्याच आठवड्यातली गोष्ट. उन्हं तापली होती. कौसल्याबाई सकाळपासून चारदा न्हाणीच्या आडोशाला गेली आणि चारही वेळा तोंड आवळून लगेच परत आली. विचारलं तर म्हणाली, काई नाई, उन्हाळी लागली, आग होऊन राह्यली. उन्हाळी दरवर्षीच लागते. ती पहाटे चारला उठते, दिवसभर शेतात राबते आणि अंधार पडेपर्यंत पाण्याचा घोट घेत नाही. सात वर्षं माझे पेले मोजणारी ही बाई, आणि तिला पाणी पिताना मी दिवसाउजेडी कधी पाहिलं नव्हतं. हे माझ्या लक्षात यायला सात वर्षं लागली.

मी पेला भरला, कुबडी घेऊन अर्ध्या भिंतीपाशी गेले आणि पेला भिंतीवर आपटला. ठण्.

तिनं वर पाहिलं. "काय व?"

"प्या."

"मले काऊन? माह्या अंगात का नळी हाय?"

"नाही ना. म्हणून तर तुमची बाटली कुणालाच दिसत नाही. माझी सगळ्या ओसरीनं पाहिली. तुमची कोरडी आहे का भरली, कोण सांगणार?"

तिनं मागच्या दाराकडे पाहिलं. मी म्हटलं, "मोरी मागं आहे. दिवसा जायला कुणाची परवानगी लागत नाही. अन् तुम्ही मेल्या तर लोक म्हणतील, मास्तरीणीनं जावेकडून बाटली उचलवून घेतली अन् पेलाभर पाणी दिलं नाही. मलाही ते नाव नको."

तिनं पेला घेतला. निम्मा प्यायली. उरलेला निम्मा घेऊन कुंपणापाशी गेली आणि माझ्याकडे पाहत पाहत, सावकाश, वाळलेल्या वेलाच्या बुडाशी ओतला.

मी पेला परत मागितला आणि पुन्हा भरला.